आमरसाच्या डब्यावरची अरबी अक्षरं

कोकणातून आखातात जाणाऱ्या हापूसच्या रसाच्या डब्यावर अरबी मजकूर असावाच लागतो. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, बहारीन आणि ओमान या सहाही देशांत खाद्यपदार्थांच्या लेबलला ही अट आहे. सोबत इंग्रजी खुशाल छापा, पण आशय दोन्हीकडे एकच हवा. त्यामुळे नाव, घटक, निव्वळ वजन, तारखा, मूळ देश हे सगळं डब्याच्या एवढ्याशा घेरावर दोनदा बसवायचं.

मी पुण्यात पॅकेजिंगचं आर्टवर्क करतो. रत्नागिरीजवळच्या एका कारखान्याचं काम बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहे. मालकांना आम्ही सगळे काका म्हणतो. त्यांच्या दुबईच्या आयातदाराने लेबलचं नवं डिझाइन तिकडच्या एका एजन्सीकडून करून घेतलं आणि इलस्ट्रेटरची फाईल काकांमार्फत माझ्याकडे आली. तिच्यात कारखान्याचा पत्ता आणि परवाना क्रमांक घालायचा, ८५० ग्रॅमच्या डब्याच्या मापात ती बसवायची, त्याच मजकुरावरून इनडिझाइनमध्ये छोटा कॅटलॉग करायचा आणि लेबलच्या छपाईसाठी प्रेसला कोरलड्रॉमध्ये चालेल अशी फाईल द्यायची, असं काम होतं. मजकूर एकच, सॉफ्टवेअरं तीन, आणि अरबी वाचता येणारं ऑफिसात कुणी नाही.

फाईल उघडली तशी फॉन्ट नसल्याची खिडकी आली. ती बंद केल्यावर सगळा अरबी मजकूर गुलाबी पट्ट्यांखाली गेला आणि बऱ्याच ठिकाणी नुसते चौकोन दिसायला लागले. इथवर नवीन काही नाही, हे मराठीच्या फायलींतही रोज होतं. हाताशी असलेला एक अरबी फॉन्ट लावला, चौकोन गेले, अक्षरं आली. एजन्सीने सोबत पाठवलेली पीडीएफ शेजारी ठेवली, तेव्हा खरा घोळ दिसला.

डब्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात ‘अल-मांजो’, म्हणजे आंबा, असा शब्द होता. त्यात सात अक्षरं आहेत: अलिफ, लाम, मीम, अलिफ, नून, जीम, वाव. अलिफ आणि वाव ही आपल्या डावीकडच्या अक्षराला हात देत नाहीत, त्यामुळे हा शब्द तीन तुकड्यांत दिसायला हवा: उजवीकडे एकटा उभा अलिफ, मग लाम-मीम-अलिफ एकत्र, मग नून-जीम-वाव एकत्र. पीडीएफमध्ये तसंच होतं. माझ्या पडद्यावर मात्र सातही अक्षरं सुटी होती आणि क्रमही उलटा, वाव डावीकडे असायला हवा तो उजव्या टोकाला. सुटा जीम म्हणजे ओळीखाली उतरलेलं मोठं पोट आणि पोटात टिंब. शब्दाच्या मध्ये आला की तोच जीम पोट टाकून देतो आणि खाली टिंब असलेला एक कोपरा तेवढा उरतो. सुटा नून ही वर टिंब असलेली वाटी. शब्दात पुढच्या अक्षराला जोडला की नुसता दात. भाषा येत नसली तरी एवढा फरक डोळ्यांना कळतो.

मराठी डिझायनरला हे दुखणं ओळखीचं आहे. युनिकोड मराठी मजकूर एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की ‘शक्ति’मधली वेलांटी क्त सोडून त्याच्या पुढे जाऊन बसते आणि पाय मोडलेला क तसाच दिसतो. कारण दोन्हीकडे एकच. फाईलमध्ये असतात ती फक्त ओळीने टाइप केलेली अक्षरं. कुठलं अक्षर कुणाशी जोडायचं, शब्दाच्या सुरुवातीचं रूप घ्यायचं, मधलं, शेवटचं की सुटं, हे ठरतं पडद्यावर ती मांडताना. त्याचे नियम ओपनटाइप फॉन्टमध्ये असतात आणि ते वाचून अमलात आणणारं यंत्र सॉफ्टवेअरमध्ये असतं. फॉन्ट कितीही उत्तम असू दे, ते यंत्र चालू नसेल तर नियम वाचणार कोण?

इलस्ट्रेटरमध्ये ते चालू करायची जागा मला देवनागरीमुळे माहीत होती. प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या पानावर इंडिक पर्याय दाखवण्याची खूण करायची आणि मग पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन कम्पोझर निवडायचा. मराठीसाठी आपण रोज वापरतो तो कम्पोझर अरबीचाही आहे. मेनूतल्या नावात मिडल ईस्टर्न आधी आहे, पण आपण ते कधी वाचत नाही एवढंच. तो लावला आणि सातही अक्षरं जागच्या जागी जुळली. इनडिझाइनमध्ये याच कामाचं नाव वर्ल्ड-रेडी कम्पोझर. जुन्या फोटोशॉपमध्ये टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडावा लागायचा.

पण अक्षरं जुळली म्हणजे परिच्छेद उजवीकडून सुरू झाला असं नाही. परिच्छेदाची दिशा बदलायची बटणं आणि अंकांचा प्रकार निवडायची सोय मला हवी होती. त्यासाठी क्रिएटिव्ह क्लाउडमध्ये भाषा बदलून अरबीच्या सोयीसह असलेली इंग्रजी प्रत टाकली. भाषा बदलून भागत नाही, सॉफ्टवेअर नव्याने बसवावं लागतं, आणि ते काम जेवायला जाताना लावून द्यावं. पूर्वी यासाठी मिडल ईस्ट आवृत्ती वेगळी विकत घ्यावी लागायची. फ्रान्समधली विनसॉफ्ट ही कंपनी अडोबीच्या सॉफ्टवेअरांच्या तशा आवृत्त्या तयार करायची.

मग फॉन्टचा प्रश्न. एजन्सीने वापरलेला फॉन्ट विकतचा होता आणि परवान्यात बसत नाही म्हणून त्यांनी तो द्यायला नकार दिला. त्यांचं बरोबरच होतं. इकडे ‘फॉन्ट व्हॉट्सअॅप कर’ हे आपण इतक्या सहज म्हणतो की नकार आला की माणूस आखडू वाटतो. काकांना विचारलं, फॉन्ट विकत घेऊ का? ते म्हणाले, ‘‘अरे बाबा, रस विकतोय मी, अक्षरं नाही. फुकटात काय मिळतं ते बघ आधी.’’

फुकटातही चांगलं मिळतं. गुगल फॉन्ट्सवर अमिरी आहे; खालिद होस्नी यांनी तो कैरोच्या बुलाक इथल्या सरकारी छापखान्याच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या टाइपावरून केला. पुस्तकी नस्ख वळणाचा, देखणा, पण डब्याच्या पाठीमागच्या बारीक घटक-यादीला जरा नाजूक. नोटो नस्ख बारीक मापात जास्त नीट टिकतो. मथळ्याला कैरो किंवा तजवल ही साधी, आडव्या ठशाची घराणी चालतात. अडोबी अरेबिकही माझ्याकडे होताच. टिम हॉलोवे, फिओना रॉस आणि जॉन हडसन यांनी तो केला, आणि अडोबी देवनागरीमागेही हेच तिघं आहेत. आपण ज्यात लग्नपत्रिका लावतो त्याची अरबी भावंडं अशी निघतात. शेवटी मागच्या बाजूला नोटो नस्ख आणि पुढे तजवल ठरला. आयातदाराला नमुना पाठवला, त्याने मान्य केला. मान्यता लेखी घेतली, कारण फॉन्ट बदलला की ओळींची उंची बदलते आणि नंतर ‘आमचं डिझाइन हलवलं’ असं ऐकावं लागतं.

आता मजकूर. मथळे आणि वजन यांचा मजकूर फाईलमध्ये जिवंत होता, म्हणजे टाइप करून बदलता येण्याजोगा. घटक-यादी आणि साठवणुकीच्या सूचना मात्र आउटलाइन केलेल्या, म्हणजे अक्षरांची नुसती चित्रं झालेल्या. एजन्सीकडे वर्डची फाईल मागितली, ती नव्हती. भाषांतर थेट डिझाइनमध्येच भरलं होतं म्हणे. मग पीडीएफमधून मजकूर उचलण्याचा मार्ग राहिला, आणि इथे या सगळ्या कामातला सर्वात फसवा प्रकार भेटला.

पीडीएफमधून उचललेली ओळ इलस्ट्रेटरमध्ये चिकटवली तर अक्षरं जोडलेली वाटत होती, पण शब्द शेपटाकडून सुरू होत होते. युनिकोडमध्ये अरबीचा मूळ संच आहेच, पण जुन्या यंत्रणांशी जुळवून घेण्यासाठी प्रेझेंटेशन फॉर्म्स नावाचे आणखी संच ठेवलेले आहेत. त्यात जीमचं सुरुवातीचं रूप, मधलं रूप, शेवटचं रूप आणि सुटं रूप ही चार वेगवेगळी अक्षरं म्हणून नोंदलेली आहेत. अरबी न येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अरबी दाखवायची एक जुनी युक्ती आहे: मजकूर या तयार रूपांत बदलायचा आणि वर ओळ उलटी करायची, म्हणजे डावीकडून उजवीकडे मांडली तरी दिसायला बरोबर दिसते. पीडीएफमधूनही पुष्कळदा मजकूर असाच बाहेर येतो. मुक्या सॉफ्टवेअरमध्ये तो शहाण्यासारखा वागतो. दिशा समजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणला की ते त्याला पुन्हा उलटं करतं. शिवाय ही रूपं गोठलेली असतात, शेजारी कोण आलं याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं.

ओळखायची खात्रीची पद्धत सांगतो, ती मला फार उपयोगी पडली. ओळ नोटपॅडमध्ये चिकटवायची आणि एखाद्या शब्दाच्या मधलं एक अक्षर पुसायचं. मजकूर खरा असेल तर दोन्ही बाजूंची अक्षरं क्षणात आपलं रूप बदलून एकमेकांचा हात धरतात. गोठलेली रूपं असतील तर पडलेल्या दाताची जागा तशीच राहते.

माझ्या भाच्याने पायथॉनमध्ये दोन-चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून दिला. युनिकोडचं एनएफकेसी नावाचं रूपांतर लावलं की गोठलेली रूपं पुन्हा मूळ अक्षरं होतात, आणि ओळ उलटवली की क्रम सरळ होतो. त्यातही एक खोच आहे. लाम आणि अलिफ शेजारी आले की त्यांचा एकच जोड होतो, आणि गोठलेल्या संचात तो जोड एकच अक्षर असतो. आधी रूपांतर आणि मग उलटापालट केली तर त्या जोडाचे लाम-अलिफ सुटे होतात आणि उलटताना अलिफ-लाम होऊन बसतात. लेबलवर मुदतीच्या तारखेपुढे बहुतेक वेळा ‘सलाहिय्या’ हा शब्द असतो आणि त्यात नेमका हा जोड आहे. म्हणून आधी उलटवायचं, मग रूपांतर. आकडे यातून वेगळे ठेवायचे, कारण अरबी मजकुरातही आकडे डावीकडून उजवीकडेच वाचतात. सरसकट उलटवलं तर ८५० चे ०५८ होतात.

साठवणुकीच्या सूचना आमच्या डब्यासाठी बदलायच्या होत्या, त्यामुळे त्या नव्याने टाइप करणं भाग होतं. सायट्रिक आम्लाची आणि निव्वळ वजनाची ओळही त्यांच्यासोबतच टाइप करून घ्यायची ठरवली. कॅम्पात उर्दूचं डीटीपी करणारे एक चाचा आहेत, इनपेज या उर्दूच्या सॉफ्टवेअरवर आयुष्य गेलेले. त्यांनी बसल्या बसल्या टाइप करून दिलं, पैसेही घेईनात. शेवटी पुढच्या खेपेला हापूसचे डबे देईन असं म्हटलं तेव्हा हसून फाईल दिली. मजकूर इलस्ट्रेटरमध्ये उत्तम जुळला. मी सगळ्याचं प्रूफ काढून एका शाळेत अरबी शिकवणाऱ्या मॅडमकडे नेलं.

त्यांनी लाल पेन घेतलं आणि दोन ठिकाणी गोल केले. ‘‘हा काफ उर्दूतला आहे. आणि ‘साफी’च्या शेवटच्या ‘या’खालची टिंबं कुठे गेली?’’

‘‘फॉन्टचा दोष असेल का, मॅडम?’’

‘‘अहो, फॉन्टचा असता तर सगळीकडे असता. वरच्या ओळीत बघा, तिथे टिंबं आहेत. कीबोर्ड उर्दूचा लावलेला असणार.’’

तसंच होतं. अरबीचा काफ आणि उर्दू-फारसीचा काफ युनिकोडमध्ये दोन वेगळी अक्षरं आहेत, ‘या’चंही तसंच. शब्दाच्या मध्ये असताना दोन्ही काफ सारखेच दिसतात, म्हणून ‘सुक्कर’, म्हणजे साखर, या शब्दात काही कळत नाही. फरक उघडा पडतो तो शेवटी. सायट्रिक आम्लाचं अरबी नाव काफवर संपतं आणि ‘निव्वळ वजन’मधला ‘साफी’ संपतो ‘या’वर. उर्दू ‘या’ शब्दाच्या शेवटी टिंबांशिवाय येतो, अरबीत खाली दोन टिंबं लागतात. चाचांच्या कामात खोट नव्हती, त्यांनी त्यांच्या कीबोर्डावर बरोबरच टाइप केलं होतं. दोन अक्षरं फाइंड-रिप्लेसने बदलली आणि फाईल पुन्हा मॅडमकडे. मानधनाची गोष्ट काढल्यावर त्या चाचांसारख्या संकोचल्या नाहीत, सरळ आकडा सांगितला. मला ते बरं वाटलं. वाचणाऱ्याचे पैसे अंदाजपत्रकात आधीच धरले पाहिजेत, फॉन्टच्या आणि सॉफ्टवेअरच्या पैशांइतकेच.

आकड्यांवर थोडं जास्त लिहायला हवं. आखातात लेबलवर अरबी वळणाचे आकडे चालतात आणि आयातदाराला अरबी मजकुरात तेच हवे होते. सॉफ्टवेअरच्या अंकांच्या यादीत अरेबिक, हिंदी, फारसी असे पर्याय येतात. अरेबिक निवडलं की इंग्रजी आकडे येतात आणि हिंदी निवडलं की अरबी वळणाचे. आमचा नवा मुलगा हिंदी बघून देवनागरीची वाट पाहत बसला होता. फारसी निवडू नये, त्यात ४, ५ आणि ६ यांची वळणं वेगळी आहेत, आणि तारखेत ती लगेच उघडी पडतात.

आता ८५० बघा. या वळणात ८ म्हणजे उलट्या व्हीसारखं टोक, ५ म्हणजे गोल, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. तोही मधल्या उंचीवर तरंगणारा, पूर्णविरामाएवढा. पहिलं छपाई-प्रूफ काढताना प्रेसमधून फोन आला: ‘‘सर, वजनाच्या आकड्याशेजारी बारीक ठिपका आलाय. घाण दिसतेय, प्लेटवरनं उडवू का?’’ उडवला असता तर ८५० ग्रॅमचा डबा ८५ ग्रॅमचा झाला असता. त्यानंतर मी प्रूफवर अशा सगळ्या ठिपक्यांना पेन्सिलने गोल करतो आणि बाजूला ‘शून्य आहे, काढू नये’ असं लिहितो. अक्षरांच्या टिंबांनाही तोच नियम. बा, ता, सा या तिघांचा देह एकच, खाली एक टिंब की वर दोन की वर तीन, एवढ्यावरच ओळख. म्हणून बारीक अरबी मजकूर शुद्ध काळ्या एकाच प्लेटवर ठेवायचा. चार रंगांच्या मिश्रणाचा काळा आला आणि छपाईत प्लेट केसभर हलली की वरची दोन टिंबं एकमेकांत मिसळतात. एका सॉफ्टवेअरमधून दुसरीकडे जाताना काळ्याचं असं मिश्रण नकळत होतं, तेव्हा दर टप्प्यावर तपासावं.

कंसांचा गोंधळही दिशेचाच. घटकांमध्ये सायट्रिक आम्लापुढे कंसात इ ३३० असा क्रमांक येतो आणि तो रोमन लिपीत लिहिलेला असतो. परिच्छेदाची दिशा डावीकडून उजवीकडे राहिली तर प्रत्येक अरबी शब्द सुटा बघितला तर बिनचूक असतो, पण ओळीतले गट जागा बदलतात: क्रमांक आम्लाच्या डावीकडे हवा तो उजवीकडे जातो आणि शेवटचा पूर्णविराम ओळीच्या उजव्या टोकाला जाऊन लटकतो. अरबी न येणाऱ्याला पकडता येईल अशी ही सगळ्यात सोपी खूण आहे. पूर्णविराम कुठे आहे ते बघायचं. उजवीकडे दिसला तर दिशा चुकली.

इनडिझाइनमधल्या कॅटलॉगने दोनच गोष्टींसाठी वेळ खाल्ला. इंग्रजी मथळ्यांच्या स्टाईलमध्ये अक्षरांतलं अंतर जरा वाढवलेलं होतं आणि त्याच स्टाईलवरून मी अरबी स्टाईल केली, तेव्हा जोडलेल्या अक्षरांमध्ये केसाएवढ्या फटी पडल्या. पडद्यावर शंभर टक्क्यांना दिसत नाहीत, चारशेला दिसतात. अरबीत ट्रॅकिंग शून्यच ठेवायचं. ओळ लांब करायची तर जोडरेघ ताणतात, तिला कशीदा म्हणतात. मजकूर दोन्ही कडांना जुळवला की इनडिझाइन ही रेघ आपणहून ताणू शकतं. पण तोच मजकूर इलस्ट्रेटरमध्ये नेला की ओळी वेगळ्या तुटतात. काही ठिकाणी एजन्सीने कशीदा कीबोर्डवरून हाताने घातला होता, फॉन्ट बदलल्यावर त्या रेघा नको तिथे लांबल्या. मी त्या काढल्या आणि सगळं उजव्या कडेला सरळ लावलं. अरबीच्या जाणकारांना हे कदाचित अळणी वाटेल. पण डब्यावर सुलेखन करायचं नव्हतं.

शेवटी प्रेस. त्यांना कोरल हवं असतं, आणि ‘कर्व्ह मारून पाठवा’ हे वाक्य तिथे नमस्कारासारखं येतं. कर्व्ह म्हणजे कोरलच्या भाषेत आउटलाइनच. कोरलमध्ये अरबी चालत नाही असं नाही, २०१२ च्या एक्स-सिक्सपासून गुंतागुंतीच्या लिप्यांची सोय आहे. पण जिवंत मजकूर इलस्ट्रेटरमधून तिकडे न्यायचा तर फॉन्ट तोच हवा, आवृत्तीही तीच हवी, आणि नसला तर कोरल मिळताजुळता फॉन्ट लावायला बघतं. एवढी जोखीम छपाईच्या फाईलमध्ये कशाला? मॅडमची सही झालेल्या फाईलची प्रत काढली, प्रतीत कंट्रोल-शिफ्ट-ओ करून सगळ्या अक्षरांच्या आउटलाइन केल्या आणि पीडीएफ काढली. प्रेसने ती कोरलमध्ये घेताना मजकूर कर्व्ह म्हणून घ्यायचा पर्याय निवडला. त्यांच्याकडून आलेलं प्रूफ माझ्या पीडीएफवर वेगळ्या लेयरमध्ये ठेवून मल्टिप्लायने, म्हणजे खालचं आरपार दिसेल असं, जुळवलं. जिथे काळ्यावर काळं बसत नाही तिथे झूम करून बघायचं, वाचता यायची गरज नाही.

मूळ फाईल जिवंत ठेवायची आणि बाहेर जाणारी पूर्ण गोठवायची, हे एवढं पाळलं की निम्मे प्रश्न सुटतात. अर्धवट प्रकार सर्वात वाईट, आणि एजन्सीची फाईल नेमकी तशी होती: मथळे जिवंत, घटक आउटलाइन. प्रेस म्हणेल तेव्हा कर्व्ह करा, पण वर्डची किंवा साधी युटीएफ-आठ मजकूर-फाईल शेजारी ठेवल्याशिवाय करू नका. पुढचा माणूस पीडीएफ खरवडत बसतो.

लेबल छापून झालं आणि काकांनी दुबईच्या गल्फफूड प्रदर्शनातल्या स्टॉलसाठी नावाची पाटी काढली. लाल ॲक्रिलिकवर व्हिनाइल कापून लावायचं, भोवती पांढरी कड. पांढरी कड देताच ‘अल-मांजो’मध्ये प्रत्येक जोडावर एक पांढरी रेघ उमटली. अरबी फॉन्टमध्ये जोडली जाणारी अक्षरं एकमेकांवर थोडी चढलेली असतात. काळी भरलेली असली की ते दिसत नाही, पण कड प्रत्येक अक्षराला वेगळी लागते आणि चढलेला भाग उघडा पडतो. प्लॉटरवर तर त्याहून वाईट, सुरी त्या रेघांवरूनही फिरते आणि शब्दाचे तुकडे हातात येतात. म्हणून आधी आउटलाइन, मग इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं युनाइट किंवा कोरलमध्ये वेल्ड, आणि त्यानंतर कड. जोडलेल्या तुकड्यांवर झूम करून बघायचं, कारण दोन अक्षरांच्या रेघांची उंची किंचित कमीजास्त असली की सांध्यावर बारीक पायरी राहते. लाम-मीमच्या सांध्यावर तशी एक होती, दोन बिंदू उडवून सरळ केली. पाटी कापणाऱ्या मुलाने टिंबं वेगळ्या पाकिटात भरून दिली, आणि मी पाकिटावर नूनचं वर, जीमचं खाली असं चित्र काढून ते काकांच्या सामानात ठेवलं.

पुढच्या हंगामात ४५० ग्रॅमचा डबा आला. जिवंत फाईल उघडली, वजन बदललं, माप बदललं, घटकांना हातही लावला नाही. मॅडमनी प्रूफवर ४ च्या वळणाकडे बघितलं, अरबीच आहे म्हणाल्या आणि सही केली. प्रेसला पीडीएफ त्याच संध्याकाळी गेली, ठिपक्याला गोल करून.